गाडी विचारा: पन्नास लाखांची सेदान आणि मागच्या सीटवरचे गुडघे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच विषयावर होती, पहिली लक्झरी सेदान घेताना आतली जागा कशी ताडून बघायची. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न (नाशिक): नमस्कार दादा, नऊ-दहा वर्षं होंडा सिटी वापरली, आता पन्नास-साठ लाखांपर्यंत ताणायची तयारी आहे. यादीत मर्सिडीज ए-क्लास लिमोझिन, बीएमडब्ल्यू टू सिरीज ग्रान कूपे, ऑडी ए४ आणि अगदीच जमलं तर बीएमडब्ल्यूच्याच थ्री सिरीजची लांब आवृत्ती असं आहे. नवीन नाही मिळाली तर कमी चाललेली पण चालेल. घरात आम्ही दोघं, कॉलेजातली दोन मुलं आणि आई. मी एक्सेलमध्ये सगळ्यांचे व्हीलबेस, लांबी, रुंदी टाकून तक्ता केलाय पण शोरूममध्ये जाऊन बसलो की आकडे एक सांगतात आणि गुडघे दुसरंच सांगतात. टू सिरीजमध्ये तर आमच्या सिटीपेक्षा अडचण वाटली. हे असं कसं?

उत्तर: तुमचे गुडघे बरोबर सांगतायत, तक्ता बाजूला ठेवा. पण तक्ता का फसवतो ते समजून घेतलं तर पुढच्या शोरूममध्ये काय बघायचं ते आपोआप कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर. तुमच्या सिटीचा व्हीलबेस २६०० मिमी, टू सिरीज ग्रान कूपेचा २६७०, ए-क्लास लिमोझिनचा २७२९, ऑडी ए४ चा २८२०. आता ही गंमत बघा, ह्युंदाई वेर्नाचा व्हीलबेससुद्धा २६७० आहे, म्हणजे टू सिरीजएवढाच, मिलिमीटरचाही फरक नाही. आणि मागच्या सीटवर बसून बघाल तर वेर्नात ऐसपैस वाटतं आणि टू सिरीजमध्ये डोकं छताला लागेल का अशी शंका येते. कारण टू सिरीजचं छत कूपेसारखं मागे उतरत जातं, मागचं दार लहान, आणि पुढच्या सीट जाड, मोठ्या. बीएमडब्ल्यूने ती गाडी चालवणाऱ्यासाठी बनवलीय आणि चालवायला ती छानच आहे, पण तुमच्या घरातली तीन माणसं मागे बसणार आहेत.

दुसरी गोष्ट इंजिनाची. इंजिन आडवं बसवलंय की उभं यावर फार अवलंबून असतं. सिटी, वेर्ना, ए-क्लास, टू सिरीज या सगळ्यांत इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे बॉनेटखाली कमी लांबीत काम भागतं. ऑडी ए४, मर्सिडीज सी-क्लास, थ्री सिरीज यांच्यात इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, त्यामुळे डॅशबोर्ड मागे सरकतो आणि व्हीलबेसचा चांगला मोठा भाग प्रवाशांच्या वाट्याला येतच नाही. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ऑडी ए४ आणि स्कोडा सुपर्ब (तिसरी पिढी) या दोन्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या गेल्या. ए४ चा व्हीलबेस २८२०, सुपर्बचा २८४१. फरक फक्त २१ मिमी, म्हणजे बोटभर. आणि सुपर्बच्या मागे पाय लांब करून बसता येतं तर ए४ मध्ये सहा फुटी माणसाचे गुडघे पुढच्या सीटच्या जवळ जातात. सुपर्बचं इंजिन आडवं, ए४ चं उभं. तक्त्यात ही ओळच नसते.

त्यातून ए४ च्या मागच्या पायाजवळ मधोमध चांगलाच उंचवटा आहे. आपल्याकडची ए४ पुढच्या चाकांवर चालणारी आहे, मागे ताकद न्यायची गरजच नाही, तरी तो उंचवटा आहे कारण परदेशात तीच गाडी क्वाट्रो म्हणून चारही चाकांवर विकली जायची आणि मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्यासाठी जागा तर ठेवावीच लागायची. मधे बसणाऱ्याला, म्हणजे बहुतेक तुमच्या धाकट्याला, त्याच्या दोन बाजूंना पाय टाकून बसावं लागणार.

आता तुमच्या यादीतली चौथी गाडी. थ्री सिरीजची लांब आवृत्ती आपल्याकडे २०२१ च्या जानेवारीत ग्रान लिमोझिन या नावाने आली. नेहमीच्या थ्री सिरीजपेक्षा व्हीलबेस ११० मिमी जास्त, एकूण २९६१, आणि हे ११० मिमी सगळे मागच्या प्रवाशाच्या पायाशी दिलेत. हा प्रकार मुळात चीनसाठी सुरू झाला. तिथे ऑडीने ए४ ची लांब गाडी आणली, बीएमडब्ल्यूने २०१२ मध्ये थ्री सिरीज लांब केली, कारण तिथला मालक बऱ्याचदा मागे बसतो किंवा आईवडिलांना मागे बसवतो. आपल्याकडेही तेच आहे ना, म्हणून ती गाडी इथे चालली. तुमच्या यादीत पाच माणसांच्या घराला मागच्या सीटच्या दृष्टीने खरंच शोभेल अशी ही एकच गाडी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण मधला उंचवटा तिच्यातही मोठा आहे, कारण ती मागच्या चाकांवर चालते. म्हणजे चार जणांना राजेशाही, पाचव्याला कामचलाऊ. बाकी तीन गाड्या दोघांच्या किंवा लहान मुलं असलेल्या घरासाठी ठीक आहेत.

एक अडचण सांगून ठेवतो. व्हीलबेस लांब झाला की मधलं पोट गतिरोधकाला लागायची शक्यता वाढते, आणि पाच माणसं बसली की गाडी आणखी खाली येते. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, सगळे बसा आणि तुमच्या सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकावरूनच न्या.

प्रश्न (सांगली): माझं वय अडुसष्ट. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मुलगा सी-क्लास घ्यायची म्हणतोय, सून म्हणते थ्री सिरीज लांबवाली. मी दोन्हीत बसून आलो, दोन्हीत बसलं की मस्त वाटतं पण बसताना आणि उठताना जीव जातो. मुलाला सांगितलं तर म्हणतो बाबा सवय होईल. तुम्ही काय सांगाल?

उत्तर: काका, सवय होणार नाही, आणि व्हायची वाट पण बघू नका. ज्या माणसाला रोज त्यात बसायचंय त्याचं म्हणणं घरात पहिलं ऐकलं जायला पाहिजे, हे मी तुमच्या मुलासाठीच लिहितोय.

आतली जागा म्हणजे फक्त गुडघ्यापुढची मोकळीक नाही. सी-क्लासचा व्हीलबेस २८६५ आणि लांब थ्री सिरीजचा २९६१, म्हणजे ९६ मिमीचा फरक पडतो आणि बसल्यावर तो जाणवतोही. पण तुमचा प्रश्न बसल्यानंतरचा नाहीये, आत शिरण्याचा आहे, आणि तिथे वेगळ्याच गोष्टी मोजाव्या लागतात. एक म्हणजे सीट जमिनीपासून किती उंच आहे. सेदान खाली असते, त्यात या गाड्या आणखी खाली, त्यामुळे बसताना कंबर गुडघ्याच्या खाली जाते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. तुम्ही घरी खुर्चीवर बसता तेव्हा कंबर गुडघ्याच्या वर किंवा बरोबरीला असते, गाडीतही साधारण तसंच पाहिजे. दुसरं, दार किती उघडतं आणि मागच्या चाकाची कमान दाराच्या वाटेत किती शिरलीय, कारण पाय बाहेर काढताना टाच तिथेच अडकते. लांब थ्री सिरीजमध्ये वाढवलेल्या लांबीमुळे मागचं दारही लांब झालंय, पाय काढायला सोपं जातं, पण तेच दार आपल्या पार्किंगमध्ये बाजूला गाडी असली की पूर्ण उघडत नाही, हेही आहे.

तिसरं, मांडीला आधार. मागची सीट खाली आणि पायाखालची फळी वर असली की गुडघे उंच राहतात, मांडी सीटवर टेकतच नाही, आणि सांगली ते पुणे जाईपर्यंत पाठ धरते. पाऊण तास बसल्याशिवाय हे कळत नाही. शोरूमच्या गार गाडीत पाच मिनिटं बसून सगळंच छान वाटतं.

काका, गाडी घरी बोलवा. बहुतेक डीलर आणतात. तुमच्या अंगणात, तुमच्याच चपला घालून, दहा वेळा चढा-उतरा. आधी पाठ करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, असं करून बघा, पुष्कळ सोपं जातं. काकूंनाही साडी नेसून बसवा. तरीही त्रास होत असेल तर माझं मत विचाराल तर सेदानचा हट्ट सोडा. याच पैशांत बीएमडब्ल्यू एक्स१ किंवा मर्सिडीज जीएलए येते, त्यांची सीट उंच असते, तुम्ही नुसते सरकून बसता. मुलाला सेदानच हवी असेल तर टोयोटा कॅमरी किंवा लेक्सस ईएस ३००एच दाखवा, दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, व्हीलबेस २८२५ आणि २८७०, आणि मागे भरपूर जागा. मात्र उंचीच्या बाबतीत त्याही सेदानच आहेत, चढून-उतरून बघायचंच.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे आम्ही भाड्याच्या होंडा सिव्हिकवरून बीएमडब्ल्यू थ्री सिरीज किंवा सी-क्लासवर जायचा विचार करतोय. सरकारी यादीत सिव्हिक मिडसाइज आणि थ्री सिरीज कॉम्पॅक्ट लिहिलंय! नवरा म्हणतो छापण्यात काहीतरी गडबड आहे. आईबाबा सहा महिने येणार आहेत, म्हणून जागा महत्त्वाची.

उत्तर: छापण्यात गडबड नाही, यादी बरोबर आहे. अमेरिकेत ईपीए ही सरकारी संस्था सेदानचा आकार बाहेरच्या लांबीवरून ठरवत नाही, आतल्या घनफळावरून ठरवते. माणसांची जागा आणि डिकी मिळून १०० ते ११० घनफुटांच्या आत असेल तर कॉम्पॅक्ट, ११० ते १२० च्या आत मिडसाइज, १२० आणि पुढे लार्ज. थ्री सिरीज आणि सी-क्लास दोन्ही कॉम्पॅक्टमध्ये मोडतात, सिव्हिक मिडसाइजमध्ये, आणि होंडा अकॉर्ड तर चक्क लार्जमध्ये. हा वर्ग किमतीचा नाही. तुम्ही दुप्पट पैसे देऊन आतून लहान गाडी घेताय, आणि त्या बदल्यात चालवण्याचं सुख, शांत केबिन, चांगलं कातडं, मजबूत दार असं सगळं मिळतंय. ते हवं असेल तर जरूर घ्या, फक्त आधी माहीत असावं.

मागच्या लेगरूमचे तिथले छापील आकडे सांगतो. सिव्हिक सेदान ३७.४ इंच, थ्री सिरीज ३५.२, ऑडी ए४ ३५.७, सी-क्लासची नवी पिढी ३६. अकॉर्ड ४० च्या वर. लांब थ्री सिरीज जी भारतात मिळते ती तुमच्याकडे विकत नाहीत, म्हणून भारतातल्या नातेवाइकांनी "अरे थ्री सिरीजमध्ये किती जागा आहे" असं सांगितलं तर ती वेगळी गाडी समजा.

या लेगरूमच्या आकड्याबद्दलही एक सांगायचंच आहे, कारण इथेच लोक फसतात. तो आकडा म्हणजे मोकळी जागा नव्हे. कमरेच्या सांध्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर मोजतात आणि त्यात २५४ मिमी, म्हणजे दहा इंच, सरसकट मिळवतात, ते पाऊल धरून. शिवाय पुढची सीट कंपनीने ठरवलेल्या एका जागेवर ठेवून हे सगळं मोजलेलं असतं. तुमचा नवरा उंच असेल आणि सीट त्याहून मागे घेत असेल तर मागे बसणाऱ्या बाबांच्या वाट्याला तेवढं कमी. उलट पुढचा माणूस बुटका असेल तर सी-क्लासही मोठी वाटेल. तेव्हा दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून एखाद-अर्ध्या इंचावर निर्णय घेऊ नका, दोन इंचांचा फरक असेल तर मात्र तो खरा समजा. आईबाबा वर्षातून सहा महिने असतील तर मी अकॉर्ड किंवा लेक्सस ईएस बघेन.

प्रश्न (पुणे, कोथरूड): दीड वर्षाचं बाळ आहे, मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट आहे, स्ट्रोलर आहे आणि दर महिन्याला गावाला जातो. सध्या सिटी. ए४ आणि टू सिरीज यांच्यात अडकलोय. डिकीचे लिटर बघायचे का?

उत्तर: लिटर बघा पण त्यावर थांबू नका. सिटीची डिकी ५०६ लिटर, ए४ ची ४६०, सी-क्लासची ४५५, टू सिरीज ग्रान कूपेची ४३०. म्हणजे यातल्या कुठल्याही गाडीत तुम्ही आजच्यापेक्षा कमी सामान नेणार. हे लिटर मोजायची युरोपातली पद्धत अशी की २०० बाय १०० बाय ५० मिमीचे ठोकळे, प्रत्येकी एक लिटरचे, डिकीच्या कानाकोपऱ्यात बसवत जायचे आणि मोजायचे. ठोकळे कोपऱ्यात बसतात हो, स्ट्रोलर बसत नाही. डिकीचं तोंड अरुंद असेल किंवा झाकणाचे दांडे आत येत असतील तर ४६० मधले बरेच लिटर कागदावरच राहतात. आणि स्टेपनी! काही गाड्यांत ती खालच्या खाचेत न बसता डिकीच्या फळीवर ठेवलेली असते, मग मोठी बॅग आडवी जातच नाही. रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या) टायरवाल्या गाडीत स्टेपनीच नसते, डिकी मोकळी मिळते पण ताम्हिणीत टायर फाटला तर काय करायचं ते आधी ठरवायला हवं. ब्रोशरवर विसंबू नका, जी गाडी घेणार तिचीच डिकी उघडून बघा.

तुमच्यासाठी डिकीपेक्षा मोठा प्रश्न चाइल्ड सीटचा आहे. मागे तोंड करून बसवलेली सीट आडवी जागा नाही, लांबी खाते, आणि तिच्यामुळे पुढची सीट पुढे सरकवावी लागते. टू सिरीजमध्ये ती बसवली की पुढे शेजारी बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतील अशी माझी भीती आहे. शिवाय तिचं छत उतरतं, बाळाला आत ठेवताना तुम्हाला वाकून डोकं आत घालावं लागणार, पाठदुखी हमखास. ए४ चं दार जास्त सरळ उघडतं, छत उंच. तुमच्या दोघांत ए४. शोरूममध्ये जाताना चाइल्ड सीट आणि स्ट्रोलर बरोबर न्या, सेल्सवाल्यासमोर आयसोफिक्सला (चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्यांना) लावून बघा, पुढची सीट बायकोच्या मापाने ठेवा आणि मग तिला बसू द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, कोणी नाही म्हणत नाही. म्हणालं तर दुसऱ्या डीलरकडे जा.

प्रश्न (कोल्हापूर): मुलगा सहा फूट दोन इंच. तोच चालवणार, त्याच्या मागे माझी बायको बसणार. ए-क्लास लिमोझिन आवडलीय. सनरूफ हवंच म्हणतोय.

उत्तर: त्याला पुढे त्याच्या मापाने बसवा, आरसे-स्टिअरिंग सगळं लावून, आणि त्याच्या बरोबर मागे वहिनींना बसवा. सीट खाली केली असेल तर पाऊल पुढच्या सीटखाली जातंय का तेही बघा, इलेक्ट्रिक सीटची मोटर तिथेच असते आणि पाऊल आत गेलं नाही तर गुडघे वर येतात. ए-क्लासमध्ये गुडघ्याची जागा चालून जाईल, मांडीचा आधार कमी पडेल असा माझा अंदाज. सनरूफच्या चौकटीने डोक्यावरची जागा कमी होते, म्हणून सनरूफ असलेलीच गाडी बसून बघायची, बिगर-सनरूफची दाखवली तर परत पाठवा.

प्रश्न (ठाणे): तीन माणसं मागे आरामात बसायला या गाड्यांत खांद्याची जागा किती मिळते? बाहेरून तर रुंद दिसतात.

उत्तर: बाहेरून रुंद आहेतच. सिटी १७४८ मिमी, सी-क्लास १८२०, ए४ १८४७. पण ए४ ची सिटीपेक्षा जास्त असलेली ती चार बोटं रुंदी तुमच्या खांद्यापर्यंत पोचता पोचता विरून जाते, कारण दारं जाड आहेत, आवाज अडवायचे थर आहेत, आणि मागची सीट दोघांसाठी खोलगट कोरलेली आहे, मधला भाग उंच आणि कडक. दोघं बसलात तर फार छान, तिघं बसलात तर मधला माणूस लोणावळ्यापर्यंत कुरकुर करणार. रोज तिघं मागे बसणार असतील तर वापरलेली सुपर्ब शोधा, सपाट सीट, गुडघ्याला हवी तेवढी जागा आणि ६२५ लिटरची डिकी. मधला उंचवटा तिच्यातही आहे, पण पाय पुढे टाकायला मोकळीक असल्यामुळे तो कमी टोचतो. बघायला जाताना तिघांनाही घेऊन जा आणि मधे सगळ्यात धिप्पाड माणसाला बसवा.